विरजणाची बादली

गोबरगॅसची शेगडी आजही भपकन पेटली आणि चहाला उकळी यायच्या आत विझली. मालूबाईंचा संशय पक्का झाला. टाकीकडून येणारी नळी शेजारच्या शालनच्या भिंतीला घासून जात होती. त्या सटवीनंच मध्ये फाटा काढला असणार! मालूबाई नळीभर साबणाचं पाणी फासत गेल्या. कुठे बुडबुडा नाही, नवा जोड नाही.

तरीही त्या तरातरा शालनच्या स्वयंपाकघरात शिरल्या. शालन चुलीत फुंकर घालत होती. डोळे लालभडक झाले होते.

"बरं झालं आलात, वैनी. नव्या टाकीला विरजण म्हणून तुमच्या टाकीतली बादलीभर शेणाची रबडी आणली, त्यात काय कालवलं होतंत? आमच्या टाकीत गॅस धरतच नाही!"

"मी कशाला काय कालवू?" मालूबाई उसळल्या, आणि मध्येच थबकल्या.

पाडव्याला डेअरीच्या डॉक्टरानं त्यांच्या गाईंना नव्या जिवाणूंचा डोस पाजला होता. शेगडीत जळतो तोच गॅस गाईंच्या ढेकरातून सुटून हवा तापवतो, तो पोटात तयारच होऊ द्यायचा नाही म्हणे. 'पोटाबाहेर हे जिवाणू जगतच नाहीत,' असं तो छातीठोकपणे सांगून गेला होता.

"शालन, तुझ्या गाईला डोस दिलाय?"

"छे! आमची डेअरीच वेगळी."

मालूबाईंचा आवाज खाली आला. "बादलीतलं उरलेलं कुठंय?"

"माहेरी धाडलं, त्यांचीही टाकी नवीन आहे. तिथून गल्लीभर वाटलं त्यांनी. विरजणाला कुणी नाही म्हणतं का, वैनी?"