वीस मिनिटांची खुर्ची

"या खुर्चीत वीस मिनिटांच्या वर कोणी टिकला, तर माझं नाव बदला," असं डिझायनरनं छातीठोकपणे सांगितलं आणि केतकीनं आपल्या कॅफेसाठी तिथल्या तिथे बारा खुर्च्या मागवल्या. पाठ अशी खडी, की रेलायची सोय नाही; बसायला नुसती गुळगुळीत लाकडी फळी. दिसायला मात्र देखणी.

तिचा सगळा रोख गायधनीकाकांवर होता. निवृत्त झाल्यापासून काका रोज सकाळी यायचे आणि एका कॉफीवर अख्खा पेपर, शब्दकोड्यासकट, संपवून बाराला उठायचे.

नव्या खुर्चीत काका बसले. चुळबुळले, कण्हले आणि विसाव्या मिनिटाला पेपर अर्धवट टाकून, कंबर धरून चालते झाले. केतकीनं डिझायनरला फोनवरच पेढे कबूल केले.

दुसऱ्या दिवशी ती शटर वर करते तो काय, दारात काका उभे, छडीसारखे ताठ! मागे थेट रस्त्यापर्यंत रांग. सगळी पांढरी डोकी, सगळ्यांचे हात कमरेवर.

"पोरी, चार वर्षं धरलेली कंबर काल तुझ्या खुर्चीनं सोडवली बघ! हा आमचा अख्खा हास्यक्लब. पाळ्या लावूनच आणलाय."

"बसा ना," केतकी कसंबसं म्हणाली. "किती कॉफी सांगू?"

"छे छे, कॉफी डॉक्टरांनी कालच बंद केली," काका फळीवर टेकत म्हणाले. "खुर्ची मात्र दिवसातून तीनदा. वीस-वीस मिनिटं."