नाकातला टाका

"साहेब, शेवटचा टाका नाकातून घालू द्या. जिवंत असला तर ओरडेल तरी," खलाशांचा मुकादम दाऊद सारंग म्हणाला. तापाने गेलेल्या गोऱ्या खलाशाला तो शिडाच्या कापडात शिवत होता.

"असला रानटीपणा माझ्या जहाजावर चालणार नाही!" तरणाबांड हॅलमसाहेब कडाडला. पहिल्यांदाच जहाज त्याच्या हाती आलं होतं. दाऊदने मुकाट्याने कापडावरच गाठ मारली. प्रार्थना झाली, गाठोडं ठेवलेली फळी समुद्राकडे कलली. पाण्याला लागताच गाठोड्यातून किंकाळी फुटली, आणि पायाशी बांधलेल्या तोफगोळ्यांनी ती खाली ओढून नेली.

लढाया जिंकत साहेब नामांकित कप्तान झाला, छाती पदकांनी भरली. पण जहाजावर कुणी मेलं की नाकातला टाका तो स्वतः घाली, आणि कितीतरी वेळ प्रेताच्या तोंडाशी कान लावून बसे. खलाशी त्याला सैतान म्हणत.

बसऱ्याच्या लढाईत साहेबाच्या पोटात गोळी शिरली. त्याने दाऊदचं मनगट धरलं. "माझ्या नाकातून टाका घालू नकोस. त्या पहिल्या खलाशासारखंच जाऊ दे मला."

"जी, साहेब."

पहाटे साहेब गेला. दाऊदने सुई ओवली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा हुकूम मोडला.