साखळीतला हात

सामना संपायला आला होता आणि दोन्ही कॉलेजांचे गुण बरोबरीत होते. उजव्या कोपऱ्यात बस्त्याव उभा होता, त्याच्या शेजारी शंतनु, दोघांचे हात एकमेकांत. कबड्डीत कोपऱ्यातला गडी आणि त्याचा शेजारी असे हात धरूनच उभे राहतात. चढाई करणारा आत शिरला की त्या साखळीनेच त्याची परतीची वाट अडवायची.

बस्त्याव कर्नाटकातल्या हल्याळकडचा सिद्दी, म्हणजे पिढ्यान्पिढ्या इथेच राहिलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांतला. घरी कोकणी बोलणारा. पण त्याचा रंग आणि केस पाहून परळच्या त्या मैदानावर सकाळपासून कुणी त्याला नायजेरियाला पाठवत होतं, कुणी माकडासारखे आवाज काढत होतं. पंचांना म्हणे ऐकू येत नव्हतं. बस्त्यावचं लक्ष होतं ते रेषेपलीकडच्या टेबलाकडे. विद्यापीठाच्या संघात कोपऱ्याची एकच जागा रिकामी होती आणि निवड करणारे तिथे बसले होते. नाव आलं नाही तर खेळाडू म्हणून मिळालेलं हॉस्टेल सुटेल आणि गाशा गुंडाळून गावी जावं लागेल, हे त्याने आदल्या दिवशी फक्त शंतनुला सांगितलं होतं.

आवाज काढणाऱ्यांत शंतनुच्या लालबागच्या चाळीतली पोरंही होती. गंमत म्हणजे ती शंतनुच्याच संघाला पाठिंबा द्यायला आली होती. त्यांच्यातला यशोधन दोरीपाशी येऊन म्हणाला, "शंत्या, घरी गेल्यावर हात नीट धू हां. रंग लागेल."

पोरं हसली. शंतनुही हसला. हसायचं त्याच्या मनात नव्हतं, पण लहानपणापासूनचे मित्र हसत असताना एकट्याने गप्प राहणं त्याला कधी जमलं नव्हतं. हसता हसता त्याने तळहात काढून घेतला आणि बस्त्यावची नुसती बोटं धरून ठेवली.

तेवढ्यात चढाईवाला आत शिरला. नेहमीप्रमाणे शेजाऱ्यावर विसंबून बस्त्याव त्याच्या मागे झेपावला. साखळी ताणली गेली, बोटं निसटली, आणि मधल्या फटीतून चढाईवाला बस्त्यावला बाद करून आपल्या बाजूला पोचला. सामना गेला.

संघाचे प्रशिक्षक सर बस्त्याववर भडकले. साखळी सोडून एकटाच कशाला धावलास, सगळ्यांच्या मेहनतीची माती केलीस, असं ते टेबलावरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. शंतनु बाजूलाच उभा होता. हात मी सोडला, एवढंच म्हणायचं होतं, पण त्याची जीभ रेटेना. बस्त्यावने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि सरांना म्हणाला, "चुकलं सर."

निवडीची नावं अजून जाहीर व्हायची होती. बस्त्याव नळावर गुडघ्याची माती धूत बसला होता. शंतनु तिथे गेला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की नजर वर करवत नव्हती. आत्ताच्या आत्ता जाऊन सरांना खरं काय ते सांगतो, टेबलावरच्यांनाही सांगतो, असं तो भडाभडा बोलून गेला. बस्त्यावने सगळं ऐकून घेतलं. मग शंतनुने हात पुढे केला.

बस्त्यावने नळ बंद केला. समोरच्या हाताकडे पाहिलं, पण तो धरला नाही.

"राहू दे," तो हळूच, मित्राला सांभाळून घ्यावं तशा आवाजात म्हणाला. "तुझे दोस्त बघतायत."

आणि हात तसाच पुढे असताना शंतनुने मागे वळून पाहिलं.