व्हर्सटाईल

निवृत्तीच्या दिवशी आई हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी घरी आली. लेकीने फुलदाणी धुऊन ठेवली होती.

"निरोप समारंभ नाही केला कोणी?"

"प्रत्येक वॉर्डाला वाटलं, दुसऱ्या वॉर्डाने केला असेल." आईने युनिफॉर्मची घडी घातली. "कुठलीही नर्स रजेवर गेली की तिच्या जागी मी. माझा असा वॉर्डच नव्हता. मेट्रन सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या, या आमच्या व्हर्सटाईल सिस्टर."

"म्हणजे कुठेही चालून जाईल अशी," लेक कडवटपणे म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. मेट्रनच होत्या. "सिस्टर, उद्या सकाळी एक माणूस कमी आहे. याल ना?"

लेकीने फोन घ्यायला हात पुढे केला. आईने मानेनेच नको म्हटलं.

"कुठल्या वॉर्डात?" तिने विचारलं.