चाकाची खूण

पुढच्या शर्यतीत उतरायचं की डर्ट बाइक विकून टाकायची, ते विश्वेश आज ठरवणार होता. गंगेपल्याड, रामनगरच्या वाळूत त्याचा मित्र ऋतुराजने आपली गाडी पुढे काढली. "डरतोस काय, यार! माझ्या चाकाच्या खुणेवरून डोळे मिटून ये."

विश्वेश त्याच खुणेवरून गेला, रुतला, पडला. पुन्हा गेला, पुन्हा पडला. दरवेळी ऋतुराजनेच उठवलं, अंगावरची वाळू मायेने झटकली. शेवटी विश्वेशच म्हणाला, "विकूया, ऋतू. मला नाही जमायचं."

दूधविनायक मोहल्ल्यात घरी पोचला, तर तो काही बोलायच्या आत आईने गरम हळदीची वाटी पुढे केली.



"फार नाही ना रे लागलं? ऋतुराजला बजावलं होतं मी, पाडशील तर मऊ वाळूतच पाड."