खरवड

"ताई, तुमच्या अप्पांच्या आठवणी आता खुल्या झाल्यात. आईंना पुसता येईल," स्मृतिकेंद्रातल्या बाई म्हणाल्या. "पण बाकीची मांडणी जशीच्या तशी राहायला हवी असेल, तर त्यांच्या जागी कुणीतरी बसवावं लागेल. जागा रिकामी ठेवली तर पुढची-मागची सगळी वर्षं एकमेकांवर कोसळतील."

अप्पा डोक्याला तारा लावून खाटेवर निजले होते. आई गेल्यापासून त्यांनी अन्न टाकलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

आईच्या जागी दुसरी बाई सुनीतीला सोसली नसती. "मांजर बसवा," ती म्हणाली.

बाई हसल्या. "बसेल की."

घरी आल्यावर अप्पा पोटभर जेवले. मग उठून त्यांनी दुधाच्या पातेल्याची खरवड काढली, तिच्यावर साखर भुरभुरली आणि वाटी आईच्या पाटापुढे ठेवली. आई असताना रोज ठेवायचे, अगदी तशीच.

"मनीला फार आवडायची," ते म्हणाले. "माझ्या हातावर डोकं ठेवून गेली बिचारी. पण मांजरापायी काय उपाशी मरायचं? लोक हसतील."

सुनीतीने पदर तोंडाशी धरला, तरी हुंदका फुटलाच.

अप्पांनी नवलाने तिच्याकडे पाहिलं. "अगं, तू कशाला रडतेस? तुझी कोण लागत होती ती?"