वाचणारीचा हंबरडा

लॉन्ड्रीत दोघी बहिणी इस्त्री करता करता व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या जाडजूड कादंबऱ्या मोबाइलवर ऐकायच्या. वाचणारा निवडायचं काम थोरलीचं. पाच मिनिटांत ती निकाल द्यायची: "हा गोष्ट सांगतोय की भाजीचा भाव?" थोरली वारल्यापासून धाकटी लागेल ते ऐकायची, मिळेल ते खायची, कपडे हातावेगळे करायची. डोळ्यांतून टिपूस नाही. आज थोरलीच्या मुलीनं नवी कादंबरी लावली. नायिकेची बहीण मरताच वाचणारीनं हंबरडा फोडला. धाकटी फणकारली, "बंद कर! नुसता गळा काढतेय. बहीण गेल्यावर कुणी असं रडतं का?" भाचीनं हळूच विचारलं, "मग कसं रडतं, मावशी?" दाखवायला धाकटीनं तोंड उघडलं. आवाजच फुटेना. कॉलर करपायला लागली, तेव्हा भाचीनं तिच्या हातातून इस्त्री काढून घेतली. "राहू दे," ती म्हणाली, "मलाही अजून रडू आलेलं नाही."